ठेवलेला व्हिडिओ

हौशी नाटकांत तीस वर्षं कामं करूनही बिभीषण देवकत्यांना रंगमंचावर कधी खुर्ची मिळाली नव्हती. हवालदार, पाटील, नवरीचा चिडका बाप, एकदा तर यमदूत, अशी सगळी उभ्यानं ओरडायची कामं त्यांच्या वाट्याला यायची. म्हणून दिग्दर्शक ऋतुराजनं स्वतः लिहिलेल्या नव्या नाटकात त्यांना पूर्ण वेळ बसून राहायचं आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांना आधी गंमत वाटली आणि घरी जाऊन संहिता वाचल्यावर काळजी.

नाटकाचं नाव होतं ‘हटवा की ठेवा’, आणि त्यात दोनच पात्रं होती. एक मुलगी दिवसभर ऑफिसात बसून लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ बघते आणि कोणता काढून टाकायचा, कोणता राहू द्यायचा ते ठरवते. बघून बघून तिचं डोकं बधिर होतं, म्हणून कंपनी तिला समुपदेशकाकडं पाठवते. तो समुपदेशक म्हणजे देवकते. ऋतुराज सव्वीस वर्षांचा, इंजिनिअरिंग सोडून नाटकात आलेला. असल्या कामाबद्दल त्यानं इंटरनेटवर बरंच वाचलं होतं. देवकत्यांनी मात्र समुपदेशक नावाचा माणूस आयुष्यात पाहिलेला नव्हता. ते चितेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. घराणं मेंढपाळांचं, नोकरी लसी टोचण्याची, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

तालमी क्रांती चौकाजवळच्या एका शाळेत, वरच्या मजल्यावरच्या वर्गात, संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायच्या. मुलीचं काम सुकेशनी साळवे करत होती. सत्तावीस वर्षांची, भावसिंगपुऱ्यात राहणारी, बोलायला मोकळी. कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. तिचं पाठांतर असं पक्कं, की आठवड्यात ती संहिता बाजूला ठेवायची.

पण दुसऱ्याच दिवशी ती अडली. ऋतुराजनं लिहिलं होतं, की एक भयंकर व्हिडिओ पाहून मुलगी हेडफोन फेकते आणि ढसाढसा रडते. सुकेशनी म्हणाली, रडत नाही कुणी, भूक लागते. ऋतुराजनं विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, म्हणजे आपलं मला असं वाटतं. पुढं एका ठिकाणी मुलगी पाच मिनिटं विचार करून निर्णय घेते, तिथंही ती म्हणाली, पाच मिनिटं कोण देतं, वीस सेकंद धर. ऋतुराजनं दोन्ही दुरुस्त्या आनंदानं लिहून घेतल्या. अभिनेत्री भूमिकेत शिरतीय याचाच त्याला आनंद.

देवकत्यांच्या मनात मात्र ते बसलं. मुकं जनावर दुखतं कुठं ते सांगत नाही. त्याच्या अंगावरून हात फिरवत जायचं आणि जिथं त्याची कातडी थरारते तिथं थांबायचं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्या वर्गात त्यांना तसंच काहीतरी हाताला लागलं होतं.

आधी मात्र त्यांना आपली भूमिका कळायला हवी होती. ओळखीच्या एका डॉक्टरनं त्यांना समर्थनगरातल्या सरिता मॅडमचा पत्ता दिला. मॅडम पंचेचाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बसलेल्या. देवकत्यांनी खरं सांगितलं: नाटकात तुमचं काम करायचंय, एखाद-दोन दिवस कोपऱ्यात बसून बघू द्याल का. मॅडम हसल्या. बघायला मिळणार नाही, त्या म्हणाल्या, बसायला मिळेल. बुधवारी अकराला या, तुम्हीच पेशंट.

देवकते बुधवारी गेले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, की आपल्याला तसं काही झालेलं नाही. मॅडमनी विचारलं, इथं येताना रस्त्यात मनात काय होतं? ते म्हणाले, काही नाही, जरा वळसा घालून आलो. मॅडम म्हणाल्या, वळसा? मग देवकते चाळीस मिनिटं बोलत होते. गायींना गाठींचा रोग आला होता त्या साली, दवाखान्याजवळच्या एका बाईला त्यांनी तुमची गाय जगेल असं छातीठोक सांगितलं होतं. गाय चौथ्या दिवशी गेली. तेव्हापासून त्या बाईच्या गल्लीतून ते कधी गेले नव्हते, आणि शहरातही तशा वळणाची गल्ली दिसली की गाडी आपोआप दुसरीकडं वळायची. हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. खरं तर त्यांना स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं. मॅडमनी एकूण पाच प्रश्न विचारले होते. त्यातले चार तर त्यांनीच बोलता बोलता टाकून दिलेल्या शब्दांचे होते, मॅडमनी ते फक्त उचलून परत हातात दिले होते. देवकत्यांना या गोष्टीचं लई नवल वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी ऋतुराजला सांगितलं, की समुपदेशकाची निम्मी वाक्यं काढून टाक. ऋतुराजचं तोंड उतरलं, ती त्याची आवडती वाक्यं होती. तरी एकदा करून बघू म्हणाला. प्रवेश सुरू झाला. सुकेशनीनं दिवसभराच्या कामाबद्दलचं मोठं स्वगत म्हटलं आणि थांबली. इथं समुपदेशकाचा उपदेश होता. देवकते बोललेच नाहीत. खाली चौकात हॉर्न वाजत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “शेवटचा व्हिडिओ काढला का ठेवला, ते राहिलं तुझं सांगायचं.”

संहितेप्रमाणं उत्तर होतं, काढला.

“ठेवला,” सुकेशनी म्हणाली. मग ती एका बाईबद्दल बोलायला लागली, जी संहितेत कुठंच नव्हती. बाई उंबऱ्यावर बसलेली आहे, मागं शेळ्या आहेत, ती मोबाईलकडं बघून चार वाक्यं बोलते आणि व्हिडिओ संपतो. सुकेशनीचा आवाज सपाट होता, जणू यादी वाचत होती. ऋतुराज वहीत भराभर लिहीत होता. देवकत्यांनी पाहिलं, की तिचा उजवा अंगठा मांडीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबला जातोय, बटण दाबल्यासारखा.

तालीम संपल्यावर त्यांनी तिला चौकातल्या टपरीवर चहाला थांबवलं आणि सरळ विचारलं, हे काम तूच करतेस ना. तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग सांगितलं, की व्हय, तीन वर्षं झाली. कुठं सांगायचं नाही असं कंपनीनं लिहून घेतलंय. घरीसुद्धा आईला फक्त कॉम्प्युटर माहीत आहे. नाटकाची जाहिरात पाहिली तेव्हा ती निवडीला आली ती एवढ्याचसाठी, की आपलं काम बाहेरच्या माणसाला कसं दिसतं ते बघावं.

“आणि ती बाई?” देवकत्यांनी विचारलं.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा, पाच-सहा जणांनी तक्रार केलेला. बाई म्हणत होती, शेळ्या बांधल्यात. किल्ली गोजरबाईकडं हाय. मला कोणी फोन करू नका, आता फोन करून उपयोग नाय. बस्स. नियमांच्या पुस्तकात जिवाचं बरंवाईट करण्याचे शब्द दिलेले असतात, त्यातला एकही त्यात नव्हता. शंका असेल तर वरच्या माणसाकडं पाठवायची सोय होती, पण त्या दिवशी रांग तुंबली होती. तिनं ‘ठेवा’ दाबलं. घरी जाताना रिक्षात तिला एकदम वाटलं, ही बाई निरोप घेत होती. दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना विचारलं, तर तो आपल्या यादीतून गेला, पुढचा घे, असं उत्तर मिळालं.

“काका, मला दुसरं काही नको,” सुकेशनी म्हणाली. “ती बाई हाय का नाय, तेवढंच कळलं पाहिजे.”

देवकत्यांनी विचारलं, दिसायला कशी होती? ते तिला सांगता येईना. नवीन मुलींना जुन्या मुली पहिल्याच दिवशी शिकवतात, की चेहऱ्याकडं बघायचं नाही, नजर कोपऱ्यात ठेवायची. कोपऱ्यात एक काळी शेळी होती, ती मोबाईलपर्यंत तोंड आणत होती. तिच्या कानात पिवळा बिल्ला होता. सुकेशनीनं चाळीस सेकंद तो बिल्लाच पाहिला, वीस सेकंदांचा हिशेब मोडून तीन वेळा.

देवकत्यांनी कप खाली ठेवला. असले बिल्ले त्यांनी स्वतःच्या हातानं हजारो जनावरांच्या कानांत मारले होते. प्रत्येकावर बारा आकडे, आणि प्रत्येक आकडा दवाखान्याच्या नोंदीत. त्यांनी विचारलं, आकडे आठवतात का? ती म्हणाली, शेवटचे सहा. आणि एका दमात म्हणून दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गर्दी ओसरल्यावर देवकत्यांनी मोबाईलवर नोंदींचं अ‍ॅप उघडलं. सुकेशनीनं सांगितलेली बाईची बोली याच जिल्ह्यातली वाटत होती. बिल्ले पेट्यांनी येतात, त्यामुळं जिल्ह्यात कोणत्या साली कोणत्या आकड्यांनी सुरू होणारे आले ते त्यांना पाठ होतं. ती एकेक सुरुवात त्यांनी या सहा आकड्यांना जोडून बघितली. पहिल्या जुळणीत म्हैस निघाली, दुसरीत काहीच नाही. तिसरीत आलं: शेळी, काळी, मालकाचं नाव सांडू, गाव वैजापूर तालुक्यातलं.

नाव समोर आल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. ही नोंद लसीसाठी होती, माणसं हुडकायला नव्हती. हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. बराच वेळ ते मोबाईल उपडा ठेवून बसले. मालकाचा नंबरही समोर होता, पण फोन करून विचारायचं काय, तुमच्या घरची बाई जिवंत आहे का? शेवटी त्यांनी ठरवलं, की सांडूच्या दारात जायचं नाही. जायचं ते गोजरबाईकडं, कारण किल्ली तिच्याकडं होती.

रविवारी ते वैजापूरला उतरले. मोंढ्याबाहेर कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रॅक्टर उभे होते. तिथून रिक्षानं सहा किलोमीटर. गावात गोजरबाईचं घर विचारलं, तर एका मुलीनं बोटानं दाखवलं. गोजरबाई साठीची, शेंगा फोडत बसलेली. देवकत्यांनी जनावरांच्या दवाखान्यातून आलोय असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, उठून दार लोटून घेतलं आणि विचारलं, “शेळ्यांचं बघायला आला का म्हाळसाचं?”

“म्हाळसाबाईंचं,” देवकते म्हणाले, आणि सांडूकडून आलेलो नाही हेही सांगितलं.

ती म्हणाली, मग बसा. म्हाळसा बरी हाय, भावाकडं हाय, पाचोडला. दर बाजाराला शेळ्या घेऊन येते. यापेक्षा जास्त तिलाच विचारा, आणि शेजारी काही विचारलं तर शेळीला जंत झालेत म्हणून सांगा.

परतीच्या बसमधून त्यांनी सुकेशनीला फोन लावला. बाई आहे, एवढंच सांगितलं. तिनं कुठं ते विचारलं, त्यांनी पाचोडचा बाजार सांगितला. मग ती म्हणाली, मी येणार बघायला. देवकत्यांनी तिला कंपनीच्या कागदाची आठवण करून दिली. ती म्हणाली, मी फक्त बाजारात येतेय, बाजारात कोणीही येतं.

पाचोडचा आठवडी बाजार भरला होता. शेळ्यांच्या बाजूला दोघं फिरत राहिले. सुकेशनीला एकही चेहरा ओळखीचा वाटेना, आणि वाटणार तरी कसा. एका बाभळीखाली पाच शेळ्या बांधून एक बाई गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. या करडाला अजून महिनाभर पाजावं लागंल, आत्ता नेऊन उपयोग नाय, असं काहीतरी ती म्हणाली. सुकेशनीनं देवकत्यांची बाही धरली. आवाज तोच होता.

गिऱ्हाईक गेल्यावर देवकते पुढं झाले. त्यांनी आपलं नाव, गाव, दवाखाना सगळं सांगितलं आणि गोजरबाईकडून पत्ता मिळाल्याचं सांगितलं. मग म्हणाले, तुमचा एक व्हिडिओ होता, उंबऱ्यावर बसलेला, तो पाहून या पोरीच्या जिवाला घोर लागलाय, तुम्ही जिवाचं काही केलं का काय म्हणून. म्हाळसाबाई चाळिशीची, कपाळाला मोठं कुंकू, ऐकताना डोळे बारीक करणारी. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली.

“मरायचं असतं तं शेळ्या बांधल्या असत्या का?” ती म्हणाली. “सोडून दिल्या असत्या. बांधलेलं जित्राब उपाशी मरतं.”

देवकत्यांना स्वतःची लाज वाटली. मेंढपाळाच्या घरात जन्मून ही साधी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही.

मग म्हाळसाबाईनं सगळं सांगितलं. सांडूनं, म्हणजे नवऱ्यानं, वर्षभर तिला माहेरी जाऊ दिलं नव्हतं. तिचा मोबाईल काढून घेतला, माहेरचे नंबर पुसले. तिला नंबर पाठ नव्हते. आधी ती शेळ्यांचे व्हिडिओ टाकायची. ते बघणारे थोडेच, पण त्यांत तिचा भाऊ बिरू असायचा. एके दिवशी सांडू तिचा तो मोबाईल घरी विसरून गेला. मला न्यायला ये असं उघड म्हणायची सोय नव्हती, नवऱ्यानं पाहिलं असतं. म्हणून तिनं बिरूला कळेल असं सांगितलं. शेळ्या बांधल्यात, म्हणजे निघायची तयारी झालीय. किल्ली गोजरबाईकडं, म्हणजे आधी तिच्याकडं ये. फोन करू नको, कारण फोन नवऱ्याच्या हातात असतो. संध्याकाळी सांडूनं व्हिडिओ पाहिला. त्याला अर्थ कळला नाही, पण राग आला. व्हिडिओ टाकून ती खात्यातून बाहेर पडली होती, त्यामुळं तो पुसायला त्याला जमेना, मग त्यानं पुतण्यांना बसवून त्यावर तक्रारी करायला लावल्या. बिरूनं तो तिसऱ्या दिवशी पाहिला आणि पिकअप घेऊन आला.

सुकेशनी इतका वेळ उभी होती. आता ती समोर बसली आणि एकामागून एक विचारत सुटली. मोबाईल कशाला टेकवला होता? तक्रारी पुतण्यांनीच केल्या हे कसं कळलं? बिरूला पहिल्या दोन दिवसांत का दिसला नाही? म्हाळसाबाईनं जमेल तसं सांगितलं. मोबाईल पाण्याच्या हंड्याला टेकवला होता. पुतण्यांतल्या धाकट्यानंच नंतर कबूल केलं. बिरू दोन दिवस मेंढ्या घेऊन रानात होता, तिथं रेंज नव्हती.

“पण तुम्ही कुठं पाहिला तो?” म्हाळसाबाईनं विचारलं.

सुकेशनीनं देवकत्यांकडं पाहिलं.

“तुमच्या पुतण्यांनी तक्रार केली ना, ती माझ्याकडं आली,” सुकेशनी म्हणाली. “काढायचा का ठेवायचा, ते मी ठरवते. मी ठेवला.”

म्हाळसाबाई तिच्याकडं बघत राहिली. असलं ठरवायला कुठंतरी माणूस बसलेला असतो, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिनं विचारलं, दिवसभर तेच बघतीस? सुकेशनी म्हणाली, व्हय. म्हाळसाबाईनं एक करडू उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

परत येताना बसमध्ये देवकत्यांना वाटलं होतं, की पोरगी आता हलकी झाली असेल. आडूळ गाव मागं गेलं तरी ती खिडकीतून बाहेरच बघत होती. मग म्हणाली, “काका, रोज सातशे येतात. त्यातली ही एक कळली.”

ऋतुराजला ती शेळ्यांची बाई नाटकात हवी होती. सगळ्यात चांगला भाग तोच आहे, तो म्हणाला. सुकेशनीनं साफ नकार दिला. ती बाई खरी आहे की नाही हे ती त्याला सांगू शकत नव्हती, नको एवढंच म्हणत राहिली. तीन दिवस वाद चालला. ऋतुराज रुसला, एक तालीम बुडाली. देवकत्यांनी मध्ये पडून सुचवलं, की त्या जागी कोणतीच गोष्ट नको. समुपदेशक विचारतो, मुलगी सांगायला तोंड उघडते आणि सांगत नाही. दोघं बसून राहतात. ऋतुराजनं घड्याळ लावून बघितलं. एक मिनिट फार लांब होतं, पण त्याला ते आवडलं.

स्पर्धेच्या प्रयोगाला नाट्यगृह अर्धं भरलं होतं. सुकेशनीची आई तिसऱ्या रांगेत होती. त्या एका मिनिटात आधी कोणीतरी खोकलं, कोणाचा तरी मोबाईल वाजला, मग कुजबुज झाली, आणि शेवटची वीस-पंचवीस सेकंदं कोणाचाच आवाज आला नाही. देवकत्यांना समोर बसलेल्या मुलीचा श्वास ऐकू येत होता. निकालात नाटकाला काही मिळालं नाही. सुकेशनीला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं आणि परीक्षकांनी लिहिलं, समुपदेशकाचं पात्र पुरेसं बोलत नाही. ऋतुराजनं तो कागद देवकत्यांना दाखवला, दोघंही हसले आणि पुढचा प्रयोग कुठं लावायचा ते ठरवायला बसले.

प्रयोगानंतर आईनं रिक्षात सुकेशनीला विचारलं, तुझं ऑफिसातलं काम असंच असतं का गं? तिनं कंपनीचं नाव, व्हिडिओ, काहीच सांगितलं नाही. असंच असतं, एवढं मात्र म्हणाली. आईनं घरी पोहोचेपर्यंत तिचा हात हातात धरून ठेवला. हे सुकेशनीनं नंतर देवकत्यांना सांगितलं, आणि त्याच बोलण्यात विचारलं, सरिता मॅडमकडं नाटकवाल्यांशिवाय दुसरं कोणी गेलं तर चालतं का.

पुढच्या बुधवारी देवकते तिला आपल्या मोटारसायकलवर सोडायला गेले. तिला सोडून परत यायचं होतं, पण ते बाहेरच्या बाकावरच बसले. समोरच्या भिंतीवर कुंडीत कोरफड होती. आत ती काय बोलत असेल, मॅडमनी तिचा कोणता शब्द उचलला असेल, याचं त्यांना इतकं कुतूहल होतं, की दोनदा उठून ते दारापर्यंत गेले आणि परत बसले. पन्नास मिनिटांनी दार उघडलं. सुकेशनीचे डोळे लाल होते. पुढच्या बुधवारी परत बोलावलंय, ती म्हणाली.

देवकत्यांनी विचारलं, घरी सोडू का ऑफिसला. ती म्हणाली, आज सुट्टी टाकलीय, मला क्रांती चौकात उतरवा, जरा पायी फिरते. त्यांनी गाडी सुरू केली. रस्ता नेहमीचाच होता, वाहनं होती, आणि मागं बसलेली सुकेशनी काही वेळानं स्वतःहून बोलायला लागली, नाटकाच्या पुढच्या प्रयोगाबद्दल.